शेजारच्या बागेत औषध मारणार? सातेरीच्या पेट्या अशा वाचवा

सातेरी ही आपली देशी मधमाशी. ती पेटीपासून साधारण एक-दीड किलोमीटरपर्यंत चरायला जाते. एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात ३१४ हेक्टर येतात, म्हणजे जवळजवळ पावणेआठशे एकर. एवढ्या परिसरातल्या प्रत्येक बागेवर, परसावर आणि सोसायटीच्या गुलाबांवर काय फवारलं जातं याचा ताबा कोणाही मधपाळाकडे नसतो. फवारणी कधी होणार आहे, कशाची होणार आहे आणि त्या वेळी तिथे फूल उमललेलं असेल का, एवढं मात्र आदल्या दिवशी कळू शकतं. पेटी वाचते ती या आदल्या दिवसामुळे. फवारणी झाल्यानंतर हातात फार थोडं उरतं.

हा लेख पहिल्या एक-दोन पेट्या घेतलेल्यांसाठी आहे. मेलिफेरा या युरोपीय मधमाशीच्या पेट्या असतील तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात. फक्त ती माशी जास्त लांब, दोन-तीन किलोमीटर आणि त्याहूनही पुढे जाते, हे धरून चाला.

आधी स्वतःचं अंगण

नव्या मधपाळाच्या पेटीला पहिला धोका बहुतेक वेळा घरातूनच असतो. पेटीखालच्या घोडीला (स्टँडला) मुंग्या लागल्या म्हणून कोणीतरी पायांवर मुंग्यांच्या खडूची रेघ ओढतं किंवा खाली पांढरी पावडर टाकतं. हे खडू सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन अशा कीटकनाशकांचे असतात आणि पेटीसमोर जमिनीवर उतरणारी माशी त्यावरून चालत जाते. घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा आणि त्यात थोडं खाद्यतेल सोडा. वाटीत पडलेली पानं रोज काढा, नाहीतर मुंग्यांना त्यांचाच पूल मिळतो.

जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण, गुलाबावरचा मावा यांच्यासाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा वापरून पाहा. कुंड्यांपुरता तो बऱ्याचदा पुरतो. पुरला नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि तेल पाण्यात मिसळण्यापुरता १-२ मिली द्रवरूप साबण घ्या. ताजा निंबोळी अर्क करायचा असेल तर ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा आणि एकूण एक लिटर द्रावण करा. हाच पाच टक्के अर्क. हेही सूर्यास्तानंतरच आणि फुलं टाळून मारायचं, कारण साबणाचं किंवा तेलाचं पाणी थेट अंगावर पडलं तर माशी त्यानेही मरते. ‘सेंद्रिय आहे, चालतं’ हा समज इथे महागात पडतो.

चिकट सापळे लावणार असाल तर ते पानांच्या उंचीवर, फुलांपासून दूर लावा. निळा रंग फुलकिड्यांसाठी चांगला, पण त्याच्याकडे माश्याही ओढल्या जातात. पेटीजवळ निळे सापळे नकोत. वेलवर्गीय भाज्यांतल्या फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचे कामगंध सापळे निर्धास्त लावा, त्यात मधमाशी अडकत नाही.

शेजाऱ्याकडून नेमकं काय विचारून घ्यायचं

पेटीपासून पाचशे मीटरपर्यंतच्या बागांची एक यादी करा: मालक कोण, पीक काय, बहर कोणता, फुलं कधी. डाळिंबाचा आंबे बहार असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत ताण तोडतात (थांबवलेलं पाणी पुन्हा सुरू करतात) आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यात फूल येतं. कोकणात हापूसचा मोहोर, नाशिककडे बीजोत्पादनाच्या कांद्याचे गोंडे, सगळीकडेच दोडका, काकडी, भोपळा, शेवगा. प्रत्येक फुलोऱ्याचा महिना यादीत लिहून ठेवला की फोन कधी करायचा ते आपोआप कळतं.

मग प्रत्यक्ष भेटा. मेसेज नंतर. बागायतदाराचे लाखो रुपये त्या बहरात अडकलेले असतात. ‘औषध मारू नका’ म्हणणाऱ्याचं तो ऐकणार नाही आणि त्याने का ऐकावं? त्याला हवं असलेलं बोला: काकडी-भोपळ्याला माशी आलीच नाही तर फळ धरत नाही, पराग कमी पडले तर वाकडं होतं. कांद्याच्या बियाण्यालाही माशी लागतेच. एवढं बोलणं झालं की पुढे असा मेसेज पुरतो:

‘नमस्कार तात्या. आमच्या बांधावर सातेरीच्या दोन पेट्या आहेत. तुमच्या बागेला औषध मारायचं ठरलं की आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा आणि बाटलीच्या लेबलचा फोटो टाका. फवारणी थांबवा असं म्हणणं नाही, आम्ही पेट्या बंद करून घेऊ. जमलं तर उन्हं उतरल्यावर मारा, तेवढी मोठी मदत होईल.’

लेबलचा फोटो मागायचं कारण असं की ‘थ्रिप्सचं औषध’ किंवा ‘अळीचं औषध’ एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. फोटोत व्यापारी नावाखालचं बारीक अक्षरातलं रासायनिक नाव वाचा. आणखी दोन प्रश्न विचारा. फवारणार की आळवणी करणार (मुळाशी ओतणार), ड्रीपमधून सोडणार? आणि टाकीत सोबत काय काय मिसळणार? प्रोपिकोनॅझोलसारख्या बुरशीनाशकासोबत सायहॅलोथ्रीन किंवा अॅसिटामिप्रिड एकत्र झालं की माशीच्या शरीराची विष पचवण्याची ताकद कमी होते आणि एकट्याने सोसलं असतं ते औषध घातक ठरतं.

लेबलवरच्या रंगीत त्रिकोणावर जाऊ नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग माणसाला आणि जनावराला असलेल्या धोक्याचे आहेत. माशीसाठी त्यांचा काही उपयोग नाही. स्पिनोसॅड माणसाला फारसं विषारी नाही, पण ओलं असताना माशीला मारक आहे. माशीविषयीची सूचना बहुतेक वेळा आतल्या घडीच्या माहितीपत्रकात असते, तेही मागून घ्या.

औषध कोणतं, त्यावर काय करायचं ते ठरतं

इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडीन ही झाडात भिनणारी औषधं आहेत. ती मकरंदात आणि परागात उतरतात, म्हणून ‘संध्याकाळी मारलं, सकाळपर्यंत वाळलं’ हा हिशेब इथे चालत नाही. फुलं येण्याच्या सुमारास झालेली आळवणीही फुलापर्यंत पोचते, आणि ती कोणाला दिसतही नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या तिन्हींचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो मुख्यतः माश्यांमुळेच. हे औषध उमललेल्या बहरात येणार असेल तर पेटी एका रात्रीसाठी बंद करून भागत नाही, ती हलवावी लागते.

डायमेथोएट, क्लोरपायरीफॉस, फिप्रोनिल यांचा पानाफुलावरचा असर काही दिवस टिकतो. इथेही पेटी हलवणंच बरं. लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, डेल्टामेथ्रीनचा असर एक दिवसाहून जास्त राहतो. इमामेक्टिन बेंझोएटला साधारण एक दिवस धरा. स्पिनोसॅड पूर्ण वाळलं की, म्हणजे तीनेक तासांनी, धोका बराच उतरतो. रात्री मारलेलं असेल तर सकाळपर्यंत पेटी बंद ठेवली की पुरतं. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल आणि फ्लोनिकामिड माशीला त्यामानाने सौम्य आहेत. शेजारी पर्याय विचारत असेल तर अळीसाठी पहिलं आणि माव्या-तुडतुड्यांसाठी दुसरं त्याच्या पिकाला शिफारस केलेलं आहे का, हे कृषी सहायकाला विचारायला सांगा.

औषधाचं रूपही पाहा. भुकटी सगळ्यांत वाईट. ती माशीच्या केसांना परागासारखी चिकटते, मागच्या पायांवर गोळा होते आणि थेट पिल्लांच्या खाण्यात जाते. थंडीत दव पडत असेल तर वर दिलेले सगळे तास वाढवून धरा. गार हवेत औषध हळू विरतं आणि सकाळच्या दवात वाळलेला थर पुन्हा ओला होतो.

वेळ फुलाप्रमाणे

‘संध्याकाळी मारा’ हा सल्ला बहुतेक पिकांना बरोबर आहे, सगळ्यांना नाही. सातेरी सकाळी लवकर बाहेर पडते, मेलिफेराच्याही आधी, म्हणून भल्या पहाटेच्या फवारणीला वाळायला वेळच मिळत नाही. सूर्यास्तानंतर मारलं तर अख्खी रात्र मिळते. काकडी आणि लाल भोपळ्याची फुलं पहाटे-सकाळी उमलतात आणि भोपळ्याचं फूल दुपारपर्यंत मिटतं. या पिकांना संध्याकाळ उत्तम. पण दोडका आणि दुधी भोपळ्याची फुलं संध्याकाळीच उमलतात. तिथे संध्याकाळचा फवारा सरळ ताज्या फुलात पडतो. या वेलींना आदल्या रात्रीची फुलं कोमेजल्यावर, दुसऱ्या दिवशी उशिरा सकाळी, मारलेलं चांगलं. त्या वेळी वेलीखाली दुसरं फूल नको.

खालचं फूल हा विषय लोक हमखास विसरतात. डाळिंबाच्या दोन ओळींमधल्या एकदांडीवर, बांधावरच्या गाजर गवतावर माश्या पराग घ्यायला येतात. द्राक्षाच्या फुलाकडे माशी क्वचितच जाते, म्हणून द्राक्षबागेच्या फवारणीकडे दुर्लक्ष होतं, आणि माश्या मरतात त्या खालच्या तणावर. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी ग्रासकटरने ही फुलं कापून घ्या. शेजाऱ्याला वेळ नसेल तर आपण मजूर देऊन कापून द्यावीत. अर्ध्या दिवसाच्या मजुरीत एवढं मोठं संरक्षण दुसरं कुठलंच मिळत नाही.

वाऱ्यासाठी बांधावर उभं राहून अगरबत्ती लावा. धूर पेटीकडे वाहत असेल तर शेजाऱ्याला तासभर थांबायची विनंती करा. धूर वर न चढता जमिनीलगत आडवाच तरंगत असेल तर तेही वाईट लक्षण आहे. संध्याकाळी जमीन गार झाली की अशी हवा स्थिर होते आणि ब्लोअरचे बारीक थेंब लांबपर्यंत तरंगत जातात. बांधावर आडोसा म्हणून बांबू, सुरू किंवा ५० टक्क्यांचं शेडनेट चालेल. फुलणारं कुंपण मात्र तिथे लावू नका. उडून येणारं औषध त्याच फुलांवर बसेल आणि माश्या तिथेच जातील.

पेटी बंद करण्याची पद्धत

ही पद्धत एका रात्रीसाठी, फार तर पुढच्या दिवसापर्यंत, आणि हवा गार असताना वापरायची. पेटीच्या आत पिल्लांभोवती ३४-३५ अंश तापमान माश्या स्वतः राखतात. त्यासाठी त्यांना पाणी आणि हवा लागते.

१. दुपारीच पेटीच्या फटी चिकणमातीने किंवा चिकटपट्टीने बुजवा. एक फट राहिली तरी सकाळी माश्या तिथून बाहेर पडतात.

२. आतलं झाकण काढून तिथे लाकडी चौकटीवर ठोकलेली डासांची लोखंडी जाळी बसवा. वसाहत भरगच्च असेल तर त्याखाली एक रिकामी मधकोठी (मधासाठीचा वरचा कप्पा) चढवा, म्हणजे माश्यांना पसरायला जागा मिळते. वरचं झाकण चार कोपऱ्यांत बोटभर जाडीच्या काड्या घालून उचललेलं ठेवा.

३. जाळीवर पाण्याने भिजवलेला स्पंज ठेवा. माश्या जाळीतून सोंड घालून पाणी घेतात.

४. अंधार पडल्यावर, शेवटची माशी आत गेल्यावर दार त्याच जाळीच्या पट्टीने बंद करा. दाराशी माश्यांचा घोस लोंबत असेल तर पाण्याचा हलका शिडकावा आणि दोन-तीन झोत धूर. लाकडी फळीने दार बंद करू नका. हवा कोंडते, आणि सगळ्या माश्या बाहेर पडायला दाराशीच दाटी करतात.

५. पेटीवर ओलं गोणपाट टाका, दोन्ही बाजूंना हवा खेळेल अशी मोकळीक ठेवून. दिवसा दर एक-दोन तासांनी ते ओलं करा. हे करायला घरी कोणी नसेल तर पेटी दिवसा बंद ठेवूच नका.

६. दिवसभर बंद ठेवली असेल तर उन्हं कलल्यावर उघडा. भर दुपारी उघडली तर चिडलेली सातेरी एका झटक्यात बाहेर पडते आणि कधीकधी परत येत नाही.

मार्च ते मे दरम्यान सकाळी दहाच्या पुढे पेटी बंद ठेवू नये. मेण मऊ होऊन पोळं खाली बसतं, पिल्लं शिजतात, आणि उरलेली वसाहत पेटी सोडून उडून जाते. त्या दिवसांत रात्रभर बंद ठेवा. तेवढ्याने भागत नसेल तर पेटी हलवा.

हलवायचं तर सातेरीसाठी किमान तीन किलोमीटर आणि मेलिफेरासाठी पाचच्या वर. पेटी त्याच आवारात पन्नास मीटर सरकवणं सगळ्यांत निरुपयोगी: चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागी येऊन घिरट्या घालत राहतात. रात्री दार जाळीने बंद करून, कोठ्या दोरीने आवळून, गाडीत चौकटी गाडीच्या लांबीच्या दिशेने येतील अशी पेटी ठेवा, म्हणजे ब्रेक लागला तरी पोळी एकमेकांवर आपटत नाहीत. नव्या जागी दारासमोर पानांची फांदी आडवी लावा. ती दिसली की माश्या बाहेर पडताना थांबून जागेची नव्याने ओळख करून घेतात. शेजारचा फुलोरा गळेपर्यंत पेटी तिकडेच राहू द्या.

शहरात डेंग्यूच्या दिवसांत होणारी धूरफवारणीही याच हिशेबात धरा. ती बहुधा तिन्हीसांजेला होते, तेव्हा काही माश्या अजून बाहेर असतात. वॉर्ड ऑफिसकडून वार आणि वेळ विचारून ठेवा. त्या संध्याकाळी गाडीचा आवाज आला की लगेच दाराला जाळी आणि पेटीवर गोणपाट. धूर विरला की जाळी काढा, म्हणजे बाहेर अडकलेल्या माश्या आत येतील.

पाण्याची सोयही आधीपासून हवी. पसरट थाळीत खडे घालून, खड्यांची डोकी वर राहतील एवढं पाणी भरून, पेटीपासून दहा-पंधरा मीटरवर सावलीत ठेवा आणि रोज बदला. माशीला एकदा जागेची सवय लागली की ती सहसा तिथेच जाते. नाहीतर ती फवारणीचा पंप धुतलेल्या डबक्यावर जाईल.

विषबाधा झाली हे कसं ओळखायचं

पेटीसमोर एक मीटर लांब-रुंद पांढरं कापड कायम अंथरून ठेवा आणि रोज सकाळी मेलेल्या माश्या झाडून मोजा. रोज थोड्या मरतातच. महत्त्वाचा असतो तो एकाएकी वाढलेला आकडा. सोंड बाहेर, पंख पसरलेले, अंग चिकट-ओलं, काही माश्या पाठीवर पडून गरगर फिरत आहेत: क्लोरपायरीफॉस, डायमेथोएटसारख्या औषधांनी असं होतं. थरथर, चालताना तोल जाणं, आणि पेटीसमोर फारशा मेलेल्या नसताना पोळ्यावरच्या माश्या दिवसागणिक कमी होणं ही इमिडाक्लोप्रिडच्या गटाची खूण. सायपरमेथ्रीनच्या जातीची औषधं इतकी जलद मारतात की माश्या शेतातच पडतात आणि पेटी नुसती ओस दिसते.

गल्लत होऊ देऊ नका. मेलेल्या माश्यांची डोकी पोळ्याच्या रिकाम्या घरांत खुपसलेली असतील तर ती उपासमार आहे. अळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगून मेली असेल तर तो थाई सॅकब्रूड हा विषाणूजन्य रोग. दाराशी फक्त नर पडले असतील तर कामकरी माश्यांनीच त्यांना हाकललं आहे.

शंका आली की ताज्या मेलेल्या दोन-तीन मुठी माश्या कागदी पिशवीत भरून, तारीख-वेळ लिहून, फ्रीझरमध्ये ठेवा. उन्हात पडलेल्या माश्यांतलं औषध लवकर विघटित होतं. पेटीचे, कापडाचे आणि जवळच्या फुलांचे फोटो काढा. मग तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून याच कामात आहे, तिथेही सल्ला विचारता येतो.

पेटी उघडून आधी राणी आणि पराग पाहा. फवारणीच्या दिवसांत भरलेल्या परागाची पोळी काढून घ्या. तोच पराग पिल्लांना भरवला जातो आणि दाई माश्या आठवडाभर मरत राहतात. उरलेल्या माश्या झाकू शकतील तेवढ्याच चौकटी ठेवा, दार दोन माश्यांपुरतं अरुंद करा, आणि साखर व पाणी समान घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आतच द्या. बाहेर दिला तर दुर्बल वसाहतीवर लूट पडते. त्या हंगामातला मध त्या पेटीतून खाण्यासाठी काढू नका.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा उघडा. घराच्या तळाशी उभी, एकेकच अंडी दिसली तर राणी ठीक आहे. एकाच घरात तीन-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली असतील तर राणी गेली आणि कामकरी अंडी घालू लागल्या आहेत. अंडी-अळ्या काहीच नसेल तरी राणी गेली असं धरा. अंडी नसलेल्या वसाहतीला राणी असलेली लहान वसाहत जोडा: खाली राणीची कोठी, वर ही, मध्ये बारीक भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा एक कागद. तो कुरतडून माश्या एकत्र येईपर्यंत, दोन-तीन दिवस, पेटीला हात लावू नका. कामकरी अंडी घालत असतील तर जोडणीच्या भानगडीत पडू नका. त्या माश्या दुसऱ्या बलवान पेटीसमोर झटका आणि चौकटी मेणकिड्यापासून जपून ठेवा, पुढच्या फुलोऱ्यात धरलेल्या नव्या थव्याला त्या कामाला येतील.